मंजुरी आणि अवलोकन : छपरावरील सौर विद्युत्संचाच्या अभियांत्रिकी अनुमतीचा इतिहास

१

मराठीच्या प्रशासकीय व्यवहारात 'मंजूर' या शब्दाइतका रुळलेला दुसरा शब्द क्वचितच आढळेल. अर्ज मंजूर होतो, रजा मंजूर होते, कर्ज मंजूर होते, घराचा नकाशा मंजूर होतो. फारसीच्या वाटेने मराठीत आलेला हा शब्द मूळचा अरबी असून, 'पाहणे' या अर्थाच्या धातूपासून साधलेले ते कर्मणि विशेषण आहे. त्याचा मूलार्थ 'पाहिलेले' एवढाच होय. 'नजर' हा शब्द त्याच धातूचा. न्यायालयातील 'नाझर' हाही त्याच कुळातला, कारण नाझर म्हणजे पाहणारा, देखरेख करणारा. 'नजराणा' हा शब्द मात्र उच्चारसाम्य असूनही निराळ्या धातूपासून आलेला आहे. ही गल्लत व्युत्पत्तिशास्त्रात टाळली पाहिजे आणि कचेरीतही टाळलेली बरी.

अधिकाऱ्याने पाहिले म्हणजे मान्य केले, असा अर्थविस्तार या शब्दाच्या पोटी झालेला आहे. पुढे 'पाहिलेले' हा अर्थ विस्मृतीत गेला आणि 'मान्य केलेले' एवढाच उरला. शब्दांच्या बाबतीत असे नेहमीच घडते व त्याची खंत करण्याचे कारण नाही. परंतु ज्या व्यवहाराचे वर्णन तो शब्द करतो, त्या व्यवहारातूनही 'पाहणे' हळूहळू गळून पडू लागले, तर तो प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. घराच्या छपरावर सौर विद्युत्संच बसविण्यासाठी जी अभियांत्रिकी अनुमती लागते, तिच्या इतिहासात नेमके हेच घडलेले दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने विद्युत् ग्राहक हक्कविषयक नियमांत दुरुस्ती केली आणि १० किलोवॉटपर्यंतच्या सौर संचांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासातून सूट दिली. अशा संचाचा अर्ज अभ्यासावाचूनच स्वीकृत झाला असे आता समजले जाते. याहून मोठ्या संचांच्या अभ्यासाची मुदत २० दिवसांवरून १५ दिवसांवर आणण्यात आली. त्या मुदतीत अभ्यास पूर्ण न झाल्यास संमती मिळाल्याचे मानावे, अशीही तरतूद झाली. न पाहता दिलेली मंजुरी ही व्युत्पत्तीच्या दृष्टीने वदतोव्याघात आहे. ती अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही तशीच आहे काय, आणि असल्यास कोणाच्या जिवावर बेतणारी आहे, याचा ऐतिहासिक विचार येथे करावयाचा आहे.

२

विजेच्या मांडणीकडे डोळसपणे पाहण्याची गरज आरंभी शासनापेक्षा विमा कंपन्यांना अधिक तीव्रतेने जाणवली. लंडनमध्ये १८८०च्या सुमारास नाट्यगृहे व श्रीमंतांचे वाडे विजेच्या दिव्यांनी उजळू लागले, तेव्हा आगीची जोखीम कोणाच्या खाती पडणार हा प्रश्न उभा राहिला. १८८२ मध्ये फीनिक्स फायर ऑफिस या विमा कंपनीने विजेच्या दिव्यांसंबंधी नियम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी तेथील तार व विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेनेही आगीचा धोका टाळण्याचे नियम तयार केले. ज्याला नुकसानभरपाई द्यावी लागणार त्यानेच प्रथम येऊन तारा पाहाव्यात, हा या व्यवस्थेतील सरळ व्यवहार होता. पाहण्याचा अधिकार आणि चुकीचा भुर्दंड हे दोन्ही एकाच हाती होते.

हिंदुस्थानात हे काम शासनाने आपल्याकडे घेतले. १८८७चा विद्युत् कायदा हा जीवित व मालमत्ता यांना आणि सरकारी तारायंत्राच्या मार्गांना विजेपासून अपाय होऊ नये, एवढ्याच मर्यादित हेतूने झालेला होता. १९०३ मध्ये त्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली. १९०५ मध्ये मुंबईत सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला. पाठोपाठ १९१०चा भारतीय विद्युत् अधिनियम आला आणि तो जवळजवळ शतकभर टिकला. या अधिनियमानेच विद्युत् निरीक्षकाच्या नेमणुकीस स्थिर आधार दिला. 'निरीक्षक' या संस्कृत शब्दातही 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हाच धातू आहे. ज्या इंग्रजी पदाचा तो पर्याय, त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थही 'आत डोकावून पाहणे' असाच होतो. अरबी, संस्कृत व लॅटिन या तीन भाषांनी स्वतंत्रपणे एकाच क्रियेकडे बोट दाखवावे, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. अधिकाराची कल्पना मनुष्याने सर्वत्र डोळ्याशी जोडलेली आहे.

१९१०च्या अधिनियमाखाली झालेल्या १९५६च्या भारतीय विद्युत् नियमांनी हे पाहणे तीन पायऱ्यांत विभागले. नियम ४५ अन्वये मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावयाचे, ते सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावयाचे आणि प्रत्यक्ष हात लावणारा वायरमनही परवानाधारक असावयाचा. नियम ६३ अन्वये उच्च दाबाची मांडणी निरीक्षकाच्या लेखी मान्यतेखेरीज सुरू करता येत नसे. नियम ४६ने यापुढची पायरी सांगितली. ग्राहकाच्या मांडणीची तपासणी पाच वर्षांपेक्षा अधिक अंतर न पडू देता पुनःपुन्हा व्हावी, असा तो नियम होता. एकदा पाहिले म्हणजे कायमचे पाहिले असे होत नाही. तारेचे वेष्टण जुने होते, अर्थिंगची पट्टी गंजते, घरमालक मध्येच नवी जोडणी करून मोकळा होतो. हे सर्व १९५६च्या नियमकारांस ठाऊक होते.

या नियमांची अंमलबजावणी सर्वत्र चोख होती असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्यांमागील विचार सुसंगत होता. कोणी काय पाहावयाचे हे ठरलेले होते आणि जो पाहील त्याची स्वाक्षरी कागदावर राहत होती.

३

या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत होते. ते इतके स्वाभाविक वाटे की कोणी ते शब्दांत मांडण्याचीही आवश्यकता नव्हती. वीज कंपनीकडून घराकडे वाहते, घराकडून कंपनीकडे नव्हे, हे ते गृहीत होय. खांबावरच्या तारेवर काम करावयाचे झाल्यास रोहित्राकडील बाजू बंद केली म्हणजे तार मेली, असे लाईनमन निःशंकपणे धरून चाले.

२५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनच्या सौर घटाचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आरंभीची काही दशके हा घट कृत्रिम उपग्रहांवर, दूरस्थ दीपस्तंभांवर आणि तारा न पोहोचलेल्या वस्त्यांत राहिला. तेथे त्याचा सार्वजनिक जाळ्याशी संबंध नसल्यामुळे अनुमतीचा प्रश्नही फारसा उद्भवला नाही. घरगुती संच जाळ्याला जोडले जाऊ लागले, तेव्हा मात्र वरील गृहीत कोसळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेत सौर संचांसाठी ६९० क्रमांकाचे स्वतंत्र प्रकरण १९८४ मध्ये घालावे लागले. त्याचे कारण हेच की, जुन्या नियमांत न बसणाऱ्या दोन गोष्टी या यंत्रात होत्या.

पहिली गोष्ट अशी की, सौर पट्टी खटका दाबून विझविता येत नाही. सूर्य आहे तोवर तिच्या टोकांशी विद्युत्दाब असतोच. अनेक पट्ट्या एकापुढे एक जोडल्या म्हणजे छपरावर शेकडो व्होल्टचा एकदिश दाब उभा राहतो, आणि एकदिश प्रवाहाची ठिणगी एकदा पेटली की ती उलटसुलट प्रवाहाच्या ठिणगीप्रमाणे क्षणोक्षणी शून्यातून जात नसल्यामुळे सहजासहजी विझत नाही. घराचा मुख्य खटका बंद करून अग्निशमन दलाचा जवान छपरावर चढला, तरी पायाखालच्या तारा जिवंतच असू शकतात. त्या अमेरिकी संहितेत २०१४ मध्ये छपरावरील तारांचा दाब त्वरेने उतरविण्याची सक्ती झाली, ती याच अनुभवातून.

दुसरी गोष्ट लाईनमनच्या जिवाशी निगडित आहे. कंपनीचा पुरवठा बंद असताना घरावरचा संच चालूच राहिला, तर त्याची वीज गल्लीतल्या तारेत उलट शिरू शकते. वितरण रोहित्र हे यंत्र दिशा ओळखत नाही. एरवी ते ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरगुती पातळीवर आणते. वीज उलट बाजूने शिरल्यास तेच रोहित्र घरगुती दाब चढवून वरच्या तारेत ११,००० व्होल्टपर्यंत नेऊ शकते. ज्या तारेस लाईनमन मेलेली समजतो, ती अशा वेळी जिवंत असते. जाळ्यापासून तुटलेला पण आपल्या बळावर जिवंत राहिलेला असा भाग म्हणजे समुद्रातील बेटच, या कल्पनेवरून तंत्रज्ञांनी या अवस्थेस 'आयलँडिंग' असे नाव दिले. बेट होताच संचाने स्वतःहून थांबले पाहिजे, ही सौर संचाच्या मान्यतेतील पहिली अट ठरली.

भारतात केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २०१३ मध्ये विकेंद्रित निर्मितीच्या जोडणीसाठी तांत्रिक मानके विहित केली आणि त्यांत ही अट घातली. त्याच मानकांत आणखी एक तरतूद आहे. संच व जाळे यांच्यामध्ये हाताने चालविण्याचा एक विलगक खटका असावा. दोन्ही बाजू खरोखर तुटल्या आहेत हे डोळ्यांनी पाहून खात्री करता यावी. वितरण कंपनीच्या माणसाला दिवसरात्र केव्हाही, किल्ली किंवा कोणाची परवानगी न मागता, तेथे पोहोचता यावे. आणि खटका उघडा ठेवून त्यास कुलूप घालता यावे. विद्युत्शास्त्राच्या शंभर वर्षांच्या प्रगतीनंतरही अखेरचा पुरावा म्हणून नियमकारांनी माणसाच्या डोळ्याकडेच धाव घेतली, ही बाब लक्षणीय आहे. इन्व्हर्टरमधील स्वयंचलित रक्षकावर त्यांचा विश्वास होता. परंतु ज्याचा हात तारेस लागणार त्याला स्वतः पाहण्याचा हक्क असावा, असेही त्यांनी ठरविले.

४

येथे परिभाषेतील एक भेद स्पष्ट करणे इष्ट आहे. परवाना, मंजुरी, ना-हरकत, प्रमाणपत्र आणि संमती हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांनी सूचित होणाऱ्या क्रिया भिन्न आहेत. परवाना व्यक्तीला वा संस्थेला एखादा उद्योग करण्याचा अधिकार देतो. मंजुरी एका विशिष्ट रचनेस मिळते. ना-हरकत म्हणजे केवळ आक्षेपाचा अभाव; ती देणाऱ्याने काही तपासले असेलच असे नाही. प्रमाणपत्र हे एखाद्या वस्तुस्थितीचे विधान असून, ते खोटे ठरल्यास देणारा उत्तरदायी असतो.

२००३च्या विद्युत् अधिनियमाने वीजनिर्मितीला परवान्यातून मुक्त केले. म्हणून छपरावर वीज निर्माण करणाऱ्या गृहस्थाला परवाना लागत नाही. सुरक्षिततेचे उपाय विहित करण्याचे काम त्याच अधिनियमाच्या कलम ५३ने केंद्रीय प्राधिकरणाकडे सोपविले आणि निरीक्षकाचे पद कलम १६२ने कायम ठेवले. २०१० मध्ये या अधिनियमाखाली सुरक्षाविषयक विनियम झाले व १९५६च्या नियमांचा कार्यभाग त्यांनी उचलला. ग्राहकाचा निर्मितिसंच कोणत्या क्षमतेपुढे निरीक्षकाने पाहावा, हे शासनाच्या अधिसूचनेने ठरवावे असे त्यांत म्हटले होते. २०२३च्या नव्या विनियमांत, अधिसूचित दाबाच्या मर्यादेत मालकाने स्वतःच आपल्या मांडणीचे प्रमाणन करण्याची वाट आहे आणि त्याच्या साह्यास सनदी विद्युत् सुरक्षा अभियंत्याची योजना आहे. याचा अर्थ असा की, निरीक्षकाची नजर लहान संचांवरून क्रमाक्रमाने उठत गेली.

ती उठली तेव्हा तिची जागा काही अंशी प्रयोगशाळेने घेतली. पट्टी व इन्व्हर्टर यांच्या एका नमुन्याची कसून परीक्षा करावयाची आणि त्या नमुन्याबरहुकूम बनलेल्या सर्व मालास ती लागू समजावयाची, या पद्धतीस प्रकार-चाचणी म्हणतात. स्फटिकी सिलिकॉनच्या पट्ट्यांसाठी भारतीय मानक १४२८६ आणि इन्व्हर्टरच्या बेटप्रतिबंधक गुणासाठी भारतीय मानक १६१६९ आहे. २०१७ मध्ये केंद्र शासनाने सौर साहित्यास भारतीय मानकांनुसार सक्तीची नोंदणी लागू करणारा आदेश काढला. या पद्धतीचे गुण निःसंशय आहेत. गावोगावचा निरीक्षक इन्व्हर्टरच्या पोटातील मंडले तपासू शकला नसता. प्रयोगशाळा ते करते. परंतु प्रयोगशाळेने पाहिलेली असते ती वस्तू, तिची उभारणी नव्हे. उत्तम इन्व्हर्टर सैल जोडाने बसविला, अर्थिंगची तार कोरड्या मातीत पुरली, एकदिश प्रवाहाच्या जागी उलटसुलट प्रवाहाचा खटका लावला, तर मानकाचा शिक्का काहीच वाचवीत नाही. अशा चुका प्रत्येक घरी निराळ्या असतात आणि त्या त्या घरी जाऊनच पाहाव्या लागतात.

५

उभारणीचा दुसरा प्रश्न छपराचा आहे. तो विजेच्या कायद्यापेक्षा इमारतीच्या कायद्याच्या कक्षेत अधिक येतो. सर्वसामान्य समजूत अशी असते की, पट्ट्यांचा भार स्लॅबला सोसेल की नाही एवढेच पाहावयाचे. वस्तुतः पुष्कळदा धोका उलट दिशेने येतो. भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरलेला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४४ मीटर वेगास तो दर चौरस मीटरला सुमारे १,१६० न्यूटन येतो. दोन चौरस मीटरच्या पट्टीवर याचा अर्थ २,३०० न्यूटनहून अधिक, म्हणजे सुमारे २३५ किलोग्रॅम वजनाइतका जोर, असा होतो. पट्टीचे स्वतःचे वजन २२ ते २५ किलोग्रॅमच्या आसपास असते. पट्टीचा कल, इमारतीची उंची, गच्चीचा कठडा यांप्रमाणे या आकड्यात फेरफार करावे लागतात. तरीही पट्टीला खाली दाबणाऱ्या वजनाच्या मानाने तिला उचलू पाहणारा वारा कितीतरी प्रबळ असू शकतो, हे यावरून कळून येईल. गच्ची वापरता यावी म्हणून पट्ट्या उंच सांगाड्यावर चढविल्या की वारा त्यांच्या खाली शिरण्यास आणखी वाव मिळतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा घरांची कौले आणि पत्रे कसे उडाले हे कोकणाने पाहिलेले आहे. पायाच्या बोल्टाची खोली किती असावी हा प्रश्न तेथे पुस्तकी राहत नाही.

इमारतीच्या अनुमतीची परंपरा मुंबईत जुनी असून तिची भाषा विचारात घेण्यासारखी आहे. १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार बांधणाऱ्याने कलम ३३७खाली सूचना द्यावयाची असते. तीस दिवसांत आयुक्तांनी लेखी नापसंती न कळविल्यास काम सुरू करता येते, असे कलम ३४५ सांगते. आणि कलम ३४६खाली, नापसंत ठरलेले काम अमुक अटी पाळल्यास करता येईल असे कळविण्याची सोय आहे. यातूनच मुंबईत 'आय.ओ.डी.' हा कागद प्रचारात आला. त्याच्या इंग्रजी नावाचा सरळ अर्थ 'नापसंतीची सूचना' असा आहे. आणि तरीही मुंबईतील बांधकाम व्यावसायिक तो हाती पडताच पेढे वाटतो, कारण व्यवहारात ती सशर्त मंजुरी असते. शब्द नकाराचा आणि आशय होकाराचा असा हा नमुना जगाच्या प्रशासकीय भाषेत विरळाच म्हणावा लागेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मौन म्हणजे संमती हे तत्त्व २०२४ मध्ये नव्याने जन्मास आलेले नाही. १८८८च्या कलम ३४५मध्ये त्याचे बीज आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४५मध्ये ते पूर्ण स्वरूपात दिसते : साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी दिली असल्याचे मानण्यात येईल. सहकारी गृहरचना संस्थांच्या सभासदांना परिचित असलेले 'मानीव अभिहस्तांतरण' हे याच कुळातले. 'मानीव' हा मराठी शब्द मोठा मार्मिक आहे. कोरीव, रेखीव, घडीव, लिखीव यांतील '-ईव' हा प्रत्यय क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतो. कोरीव लेणे कोणीतरी खरोखर कोरलेले असते. मानीव मंजुरीतही एक क्रिया पूर्ण झालेली असते. परंतु ती क्रिया पाहण्याची नव्हे, मानण्याची असते.

६

असे असूनही मानीव मंजुरीचा सरसकट धिक्कार करणे इतिहासास धरून होणार नाही. ती का आली हे समजून घेतले पाहिजे. पाहण्याच्या अधिकारात थांबविण्याचा अधिकार अंतर्भूत असतो. पाहणाऱ्याने पाहण्यास यावयाचेच नाही असे ठरविल्यास अर्जदाराने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून १८८८ व १९६६च्या तरतुदी झाल्या. सौर संचांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक बनला. आपली वीज आपण निर्माण करणारा ग्राहक हा वितरण कंपनीच्या दृष्टीने घटलेले उत्पन्न असतो, आणि त्याच्या अर्जाची व्यवहार्यता तपासण्याचे काम त्याच कंपनीकडे असते. १८८२च्या विमा कंपनीचा स्वार्थ नीट पाहण्यात होता. येथे परीक्षकाचा स्वार्थ उशीर करण्यात असू शकतो. अशा स्थितीत मुदतीची तलवार टांगणे हे ग्राहकाच्या न्याय्य हक्काचे रक्षण होय.

संख्येचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने मान्य केलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे लक्ष्य १ कोटी घरांचे असून तिचा खर्च ७५,०२१ कोटी रुपये धरलेला आहे. एक निरीक्षक दिवसाला दहा घरे पाहतो आणि वर्षाचे २५० दिवस काम करतो असे धरले, तर तो वर्षात २,५०० घरे पाहील. तीन वर्षांत १ कोटी घरे पाहावयाची तर दुसरे कोणतेही काम न करणारे तेराशेहून अधिक निरीक्षक लागतील. १९५६ची व्यवस्था जशीच्या तशी या काळात आणता येणार नाही, हे उघड आहे.

तेव्हा वाद पाहावे की न पाहावे असा नसून, काय मानले तरी चालेल आणि काय पाहिलेच पाहिजे, असा आहे. २०२४च्या दुरुस्तीने व्यवहार्यतेचा अभ्यास मानीव केला. हा अभ्यास कशाचा असतो? एका घराचा संच चांगला आहे की नाही, याचा तो मुख्यतः नसतो. त्या गल्लीतील रोहित्राला व तारांना हा आणखी एक संच सोसेल काय, याचा तो असतो. महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाच्या २०१५च्या विनियमांत एका वितरण रोहित्रावर जोडावयाच्या सौर संचांची एकत्रित क्षमता रोहित्राच्या क्षमतेच्या ४० टक्के, आणि २०१९च्या विनियमांत ७० टक्के, अशी सर्वसाधारण मर्यादा घातलेली होती. १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्रावर ५ किलोवॉटचे चौदा संच बसले की ही ७० टक्क्यांची रेषा गाठली जाते. त्या चौदांपैकी प्रत्येक संच १० किलोवॉटच्या आतला असल्यामुळे प्रत्येकास स्वतंत्रपणे सूट आहे. धोका बेरजेत आहे आणि सूट मात्र सुट्या सुट्या आकड्यांना आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, अनेकवचनाचा प्रश्न एकवचनात सोडविला गेला आहे.

बेरजेचा हा धोका काल्पनिक नाही, हे जर्मनीच्या अनुभवाने दाखवून दिले आहे. तेथील एका नियमानुसार, जाळ्याची वारंवारता ५०.२ हर्ट्झवर गेली की लघुदाबाच्या जाळ्यावरील संचाने ताबडतोब तुटावयाचे असे. एकेका संचाच्या दृष्टीने हा नियम निर्दोष होता व प्रत्येक इन्व्हर्टर त्याप्रमाणे तपासून मान्य झालेला होता. परंतु २०११च्या अखेरीस जर्मनीतील सौर क्षमता सुमारे २५,००० मेगावॉट झाली, तेव्हा अभियंत्यांच्या ध्यानात आले की वारंवारता त्या आकड्याला पोहोचलीच तर लक्षावधी छपरे एकाच क्षणी तुटतील. युरोपच्या जाळ्यात आकस्मिक तुटीसाठी ३,००० मेगावॉटचा साठा धरलेला होता; ही तूट त्याच्या कित्येक पट झाली असती. अखेर २०१२ मध्ये खास आदेश काढून सुमारे तीन लाख संचांच्या मांडणीत फेरफार करवावे लागले. प्रत्येक संच पाहिलेला होता, पण सर्व मिळून कोणीच पाहिले नव्हते.

७

या साऱ्या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. सौर संचाच्या मंजुरीत तीन निरनिराळ्या नजरा गुंतलेल्या आहेत. यंत्र नीट आहे काय, ही प्रयोगशाळेची नजर. या छपरावर, या भिंतीवर, या जमिनीत ते नीट बसविले आहे काय, ही जागेवर जाणाऱ्या तंत्रज्ञाची नजर. आणि सर्व संच मिळून जाळ्याला झेपतील काय, ही वितरण कंपनीची नजर. पहिली नजर एकदाच पाहून अनेकांस लागू करता येते. म्हणून तेथे प्रकार-चाचणी न्याय्य ठरते. तिसऱ्या नजरेला घरोघर जाण्याचे कारण नाही. कोणत्या रोहित्रावर किती संच जोडले आहेत, हे कंपनीस आपल्या दप्तरावरून अर्ज येण्याआधीच ठाऊक असावयास हवे. ते दप्तर अद्ययावत असेल तर मानीव संमती ही नुसती कल्पना न राहता, आधीच पाहून ठेवलेल्या गोष्टीचा उच्चार ठरेल. ग्राहकाची मुदत आणि जाळ्याची सुरक्षितता यांचा मेळ घालण्याचा हाच मार्ग दिसतो.

दुसऱ्या नजरेला मात्र पर्याय नाही. व्यवहार्यतेचा अभ्यास गेल्यानंतर, मीटर बसवून संच सुरू करण्यास येणारा वितरण कंपनीचा कर्मचारी हाच लहान संचाकडे पाहणारा शेवटचा तटस्थ मनुष्य उरला आहे. ही पायरीही १५ दिवसांत उरकण्याचे बंधन २०२४च्या दुरुस्तीने घातले असून, पूर्वी ही मुदत ३० दिवसांची होती. बोल्ट किती खोल गेला आहे, अर्थिंगचा रोध मोजला आहे काय, पुरवठा तोडल्यावर इन्व्हर्टर खरोखर थांबतो काय आणि विलगक खटका रस्त्यावरून येणाऱ्याच्या हाती लागतो काय, एवढे चार प्रश्न त्याने जागेवर पाहिले तर मंजुरीचा मूलार्थ शाबूत राहील. मीटर लावून तो निघून गेला, तर स्वाक्षरी होईल, पण अवलोकन झालेले नसेल. शिवाय पट्ट्यांचे आयुष्य २५ वर्षांचे सांगितले जाते. १९५६च्या नियमांतील पाच वर्षांच्या पुनरवलोकनाची आठवण छपरावरील संचाच्या बाबतीत अधिकच जागती ठेवावयास हवी.

भर पावसात मध्यरात्री वीज गेल्यावर गल्लीच्या टोकाला खांबावर चढणाऱ्या लाईनमनला कोणत्या घराचा अर्ज कोणत्या कलमाखाली स्वीकृत झाला हे माहीत नसते, आणि असण्याचे कारणही नाही. आपण तोडलेली तार मेलेली आहे, एवढेच त्याला खात्रीने कळावयास हवे. कायद्याने मंजुरी मानता येते; तार मेली आहे असे मात्र मानून चालत नाही. ते पाहावेच लागते.